ब्रासेरो ते एच-२ए: अमेरिकेच्या शेतातले परवान्यावरचे मजूर

कॅलिफोर्नियाची बागायती शेती पहिल्यापासून बाहेरून आलेल्या मजुरांवर चालत आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथली गव्हाची अफाट शेते मोडून फळबागा, भाजीपाला आणि साखरेचे बीट आले, तेव्हा मजुरीचे गणितच बदलले. बीटाची विरळणी, खुरपणी, फळांची तोडणी या कामांना वर्षातले काही आठवडे शेकडो माणसे लागतात आणि पुढचे कित्येक महिने एकही लागत नाही. एवढी माणसे बारमाही पोसणे मालकाला परवडत नव्हते, आणि ज्याच्यापुढे दुसरा पर्याय होता असा कामगार या मजुरीवर टिकत नव्हता. मग चिनी मजूर आले. १८८२ च्या कायद्याने त्यांचे येणे थांबले, तेव्हा जपानी आले. १९०७-०८ च्या जपानबरोबरच्या समझोत्याने तीही वाट बंद झाली. पंजाबातून आलेल्या शीख मजुरांनी काही वर्षे ही जागा भरली, पण १९१७ च्या स्थलांतर कायद्याने आशियाचा मोठा भाग, त्यात हिंदुस्थानही, एका फटक्यात वर्ज्य ठरवला.

उरला मेक्सिको. १९१७ च्या त्याच कायद्याने प्रत्येक स्थलांतरितावर साक्षरतेची परीक्षा आणि आठ डॉलरचा प्रवेशकर लादला होता. दक्षिणेकडच्या शेतमालकांनी ओरड करताच काही महिन्यांत मेक्सिकन शेतमजुरांना या दोन्ही अटींतून तात्पुरती सूट मिळाली. १९२१ पर्यंत चाललेल्या या सवलतीखाली सत्तर-ऐंशी हजार मजूर आले. दार बंद करणारा कायदा आणि त्याच दाराला शेतीसाठी ठेवलेली खिडकी, ही जोडी इथे पहिल्यांदा दिसली. पुढे शंभर वर्षे ती सुटलेली नाही.

१९२४ च्या कायद्याने युरोपीय देशांना कोटे लावले, पण अमेरिका खंडातल्या देशांना त्यातून वगळले. यामागे भूतदया नव्हती. टेक्सास, ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या कापूस व भाजीपाल्याच्या मालकांचे वजन होते. त्याच वर्षी सीमा गस्ती दल स्थापन झाले आणि १९२९ मध्ये परवान्याशिवाय सीमा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा ठरला. मंदीची लाट आली तशी हवा फिरली. १९३० च्या दशकात लाखो मेक्सिकन माणसे, कुठे दमदाटीने, कुठे रेल्वेचे फुकट तिकीट हातात ठेवून, परत पाठवली गेली. त्यांत अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे तिथली नागरिक असलेली मुलेही मोठ्या संख्येने होती. त्यांच्या जागी ओक्लाहोमाकडच्या धुळीच्या वादळांनी उठवलेली गोरी कुटुंबे शेतात राबू लागली. याच दशकात कामगारांच्या संघटनेचा हक्क (१९३५) आणि किमान वेतन (१९३८) देणारे दोन मोठे कायदे झाले, पण शेतमजुराला दोन्हींतून वगळण्यात आले. पुढच्या सगळ्या हकीकतीच्या मुळाशी हे वगळणे आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली तरुण माणसे सैन्यात आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत गेली. मे १९४२ मध्ये आपली तेलवाहू जहाजे बुडवली गेल्यावर मेक्सिकोही युद्धात उतरला. ४ ऑगस्ट १९४२ रोजी दोन्ही सरकारांनी करार केला. शेतमजुरांची ही योजना ‘ब्रासेरो’ नावाने ओळखली जाते. येणाऱ्या मजुरालाही ब्रासेरोच म्हणत. त्या सप्टेंबरच्या अखेरीस पहिली तुकडी बीटाच्या तोडणीसाठी कॅलिफोर्नियात स्टॉकटनला उतरली. वर्षअखेरपर्यंत आलेल्या मजुरांचा आकडा ४,२०३ होता.

कागदावर हा करार चांगला होता, आणि ते श्रेय मेक्सिकोच्या सरकारचे. दशकभरापूर्वीच्या हकालपट्टीची आठवण ताजी असल्यामुळे त्याने घासाघीस करून अटी घालून घेतल्या. मजुराला जाण्यायेण्याचा खर्च मिळावा. मजुरी त्या भागातल्या चालू दराने आणि तासाला किमान ३० सेंट असावी. राहण्याची सोय मोफत असावी. कराराच्या मुदतीतल्या किमान तीन चतुर्थांश दिवसांचे काम हमखास मिळावे. मजुराला सैन्यात ओढू नये आणि त्याच्याशी वंशभेद करू नये. सुरुवातीच्या वर्षांत कागदोपत्री मालक खुद्द अमेरिकेचे सरकारच होते. शेतमालक त्याच्याकडून माणसे घेत. यांतल्या कित्येक गोष्टी, किमान मजुरी धरून, अमेरिकन शेतमजुराला त्याच्या स्वतःच्या देशात कायद्याने मिळत नव्हत्या. मालकांना खुपले ते नेमके हेच. टेक्सासमध्ये मेक्सिकन माणसाला उपाहारगृहात, नाभिकाकडे, शाळेत मिळणारी वागणूक पाहून मेक्सिकोने त्या राज्याला १९४७ पर्यंत मजूर देण्याचेच नाकारले. तिथल्या मालकांचे मात्र फारसे अडले नाही. रिओ ग्रांदे नदी पोहून येणारे बिनपरवाना मजूर त्यांना हवे तेवढे मिळत होते. अंगावरच्या ओल्या कपड्यांवरून त्यांना ‘वेटबॅक’ म्हणत. शब्द शिवीचाच, पण सरकारी अहवालांतही तो बिनदिक्कत वापरला जाई.

मेक्सिकोच्या खेड्यांतून माणसे निघत, त्यामागे तिथली शेती होती. १९१० नंतरच्या क्रांतीने जमिनीचे वाटप केले, पण वाटेला आलेल्या कोरडवाहू तुकड्याला पाणी, बियाणे आणि पतपुरवठा मिळालाच असे नव्हते. हा शेतकरी जवळून पाहिलेला एक मराठी माणूस त्याच काळात मेक्सिकोत होता: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक १९२० च्या दशकापासून चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवत होते. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या, आणि दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले. शेतकऱ्याला गावातच उभे करण्याचा तो प्रयत्न होता. हलिस्को, मिचोआकान, ग्वानाह्वातो, साकातेकास या राज्यांतल्या खेड्यांनी मात्र उत्तरेची वाट धरली.

ती वाट भरती केंद्रातून जाई. सुरुवातीला हे केंद्र मेक्सिको शहरात होते. सीमेजवळ केंद्र उघडले तर प्रवासखर्च वाचेल म्हणून अमेरिकन मालक आग्रह धरीत, आणि पुढे मोंतेरे, चिवावा, एम्पाल्मे अशी उत्तरेकडची केंद्रे सुरू झाली. केंद्रात पाय ठेवायचा तर गावाच्या कोट्यात नाव लागावे लागे, आणि नाव लागायला गावच्या कारभाऱ्यापासून दारावरच्या शिपायापर्यंत हात ओले करावे लागत. या लाचेसाठी कोणी बैल विकला, कोणी व्याजाने पैसे काढले. एम्पाल्मेला पोहोचलेल्यांना पुढे आणखी एक अट लागली. आधी सोनोरा राज्यातल्या मालकांच्या शेतात दोन हजार किलो कापूस वेचून द्यायचा, त्याची चिठ्ठी घ्यायची, मगच रांगेत नंबर. म्हणजे अमेरिकेला स्वस्त मजूर पुरवता पुरवता मेक्सिकोच्या बड्या शेतकऱ्यांनीही आपली वेचणी उरकून घेतली.

आत गेल्यावर पहिली तपासणी हातांची होई. तळव्यांवर घट्टे असले तर माणूस शेतातला. हात मऊ असले की परत. मग कपडे उतरवून वैद्यकीय तपासणी, क्षयासाठी छातीचा एक्स-रे आणि शेवटी नळीने अंगावर, केसांत, कपड्यांत डीडीटीची पावडर. १९५६ मध्ये लिओनार्ड नाडेल या छायाचित्रकाराने या केंद्रांची छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एकात उघड्या अंगाच्या माणसांची रांग उभी आहे आणि मुखवटा घातलेला कर्मचारी समोरच्याच्या तोंडावर फवारा मारतो आहे. सीमेपलीकडच्या केंद्रात शेतमालकांच्या संघांचे प्रतिनिधी माणसे निवडीत. करार इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये छापलेला असे. तो वाचून सही करणारे थोडे, अंगठा किंवा नाव गिरवून पुढे सरकणारे पुष्कळ.

शेतात ब्रासेरोच्या हाती बहुधा आखूड दांड्याचे खुरपे येई. लेट्यूस आणि बीटाची विरळणी लांब दांड्याच्या अवजाराने उभ्याने करता येते, पण आखूड दांड्याने काम नीट होते असा मालकांचा दावा होता. त्याचा दुसरा उपयोग त्यांनी सहसा बोलून दाखवला नाही: कंबर सरळ करणारा मजूर मुकादमाला लांबूनही दिसे. दहा-दहा तास वाकून राहिलेल्या या माणसांच्या पाठीचे जे व्हायचे ते झाले. कॅलिफोर्नियाने या अवजारावर १९७५ मध्ये बंदी घातली. तोवर ब्रासेरो योजना बंद पडून दहा वर्षे उलटली होती.

हक्कांचे कलम करारात असले तरी ते मागायचे कोणाकडे, हा खरा प्रश्न होता. ब्रासेरोचा परवाना एका मालकाशी किंवा मालकांच्या संघाशी बांधलेला असे. दुसऱ्या शेतात जादा मजुरी मिळत असली तरी त्याला तिकडे जाता येत नव्हते; काम सोडले की तो बेकायदा ठरे. तक्रार केली तर करार संपल्यावर पुढच्या वर्षी नाव येत नसे. अर्नेस्तो गालार्सा हा मेक्सिकोत जन्मलेला, कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला कामगार संघटक होता. १९५६ मध्ये त्याने छावण्यांत फिरून अहवाल लिहिला. चालू दराची मजुरी ही निव्वळ गंमत आहे हे त्याने दाखवून दिले, कारण हंगामाआधी मालकांचा संघ एकत्र बसून दर ठरवी आणि सरकार त्यालाच चालू दर म्हणून मान्यता देई. स्थानिक मजुराला तो परवडत नसे, तो निघून जाई, आणि मग टंचाई आहे असे प्रमाणपत्र मिळून आणखी ब्रासेरो येत. टंचाई तयार करण्याचा हा कारखानाच होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

वरकमाईचा आणखी एक प्रकार सरकारी होता. १९४२ ते १९४९ या काळात प्रत्येक ब्रासेरोच्या मजुरीतून दहा टक्के कापले जात. ही रक्कम अमेरिकन बँकेतून मेक्सिकोच्या बँकेत जाई आणि मजूर परतल्यावर त्याला मिळावी, तिच्यातून त्याने शेतीची अवजारे घ्यावीत, अशी कल्पना होती. बहुसंख्य मजुरांना ती मिळाली नाही. कित्येकांना अशी कपात होते हेच ठाऊक नव्हते. २००१ मध्ये म्हाताऱ्या ब्रासेरोंनी आणि त्यांच्या वारसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लावला. २००८ च्या तडजोडीत मेक्सिकोच्या सरकारने पात्र दावेदारांना प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर देण्याचे कबूल केले, पण त्यासाठी साठ वर्षांपूर्वीचा करारपत्राचा कागद किंवा पगाराची पावती दाखवणे आवश्यक होते.

कायदेशीर मजूर आणि बेकायदा मजूर हे दोन वेगळे प्रवाह आहेत असे धोरणांच्या भाषेत गृहीत धरलेले असते. युद्धानंतरच्या काही वर्षांनी हे गृहीत किती पोकळ आहे ते उघड केले. करार करून मजूर आणण्यात खर्च आणि कटकट होती. नदी ओलांडून आलेला मजूर तयार होता. तेव्हा सरकारने त्यालाच कायदेशीर करण्याचा सपाटा लावला. पकडलेल्या मजुराला ओळखचिठ्ठी द्यायची, त्याला सीमेपर्यंत न्यायचे, मेक्सिकोच्या जमिनीवर पाऊल टेकवायला लावायचे आणि काही मिनिटांत करारी मजूर म्हणून आत घ्यायचे. ज्या शेतातून त्याला उचलले त्याच शेतात तो परत जाई. १९४७ ते १९४९ मध्ये मेक्सिकोतून रीतसर आणलेले मजूर सुमारे ७४ हजार होते, तर असे जागच्या जागी ‘सुकवलेले’ सुमारे १ लाख ४२ हजार. हे क्रियापद अधिकारीच वापरीत. याचा अर्थ मेक्सिकोतल्या खेड्यांत बरोबर पोहोचला: भरती केंद्रात लाच देऊन महिनाभर ताटकळण्यापेक्षा नदी ओलांडणे हाच परवाना मिळवण्याचा जवळचा रस्ता होता. ऑक्टोबर १९४८ मध्ये तर कापूस वेचणीच्या मजुरीवरून मेक्सिको अडून बसला असताना एल पासो इथे सीमाच उघडी केली गेली. हजारो माणसे आत आली, तिथल्या तिथे त्यांना अटक झाली आणि ट्रक घेऊन उभ्या असलेल्या मालकांच्या हवाली करण्यात आले. मेक्सिकोने त्यावर करारच मोडला.

कोरियन युद्ध सुरू झाल्यावर, जुलै १९५१ मध्ये, सार्वजनिक कायदा क्रमांक ७८ ने नव्या करारावर पुन्हा चालू झालेल्या योजनेला कायद्याचा पाया दिला. पुढच्याच वर्षीच्या स्थलांतर कायद्यात बेकायदा माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरला, पण त्याला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे, अशी पुस्ती जोडली गेली. तिला ‘टेक्सासची पुस्ती’ हे नाव उगाच पडले नाही. मजूर गुन्हेगार आणि त्याचा मालक निर्दोष, ही स्थिती १९८६ पर्यंत टिकली.

जून १९५४ मध्ये सेवानिवृत्त जनरल जोसेफ स्विंग याच्या हाताखाली मोठी धरपकड झाली. त्या वर्षी दहा लाखांहून अधिक माणसे बाहेर काढल्याचा दावा सरकारने केला; इतिहासकार हा आकडा फुगवलेला मानतात. धरपकडीपेक्षा तिची दुसरी बाजू महत्त्वाची होती. बेकायदा मजूर सोडा, हवे तितके ब्रासेरो देतो, असे स्विंगने मालकांना सांगितले आणि शब्द पाळला. १९५३ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेले करार १९५६ मध्ये ४,४५,१९७ वर गेले. तोच मजूर, तेच शेत. फक्त खिशात कागद आला.

योजनेचा शेवट मालकांच्या मनाविरुद्ध झाला. कामगार संघटना, चर्च आणि मेक्सिकन-अमेरिकन नागरिकांच्या संस्था बरीच वर्षे विरोधात होत्या. नोव्हेंबर १९६० मध्ये सीबीएस वाहिनीने फिरत्या शेतमजुरांच्या हलाखीवरचा माहितीपट ऐन थँक्सगिव्हिंगच्या सणात दाखवला आणि प्रश्न घराघरांत पोहोचला. १७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियातल्या चुआलार गावाजवळ मजुरांनी भरलेल्या गाडीला रेल्वेने उडवले. उघड्या ट्रकवर छप्पर आणि बाके ठोकून ही ‘बस’ बनवलेली होती. ३२ मजूर मेले. ३१ डिसेंबर १९६४ रोजी योजना संपली. बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले होते. एकच माणूस अनेकदा गेल्यामुळे माणसांची संख्या अर्थातच याहून बरीच कमी होती.

मजूर गेले की शेते ओसाड पडतील, असे मालक सांगत होते. टोमॅटोवाल्यांनी तर धंदा मेक्सिकोला हलवावा लागेल असे बजावले होते. झाले वेगळेच. डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना यांनी एकाच वेळी पिकणारा, यंत्राचा मार सोसणारा टोमॅटो आणि कोबी लोरेन्झन यांनी तो तोडणारे यंत्र आधीच तयार केले होते. १९६० चे दशक संपता संपता कॅलिफोर्नियातला प्रक्रियेसाठीचा जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. योजना बंद झाल्याने स्थानिक मजुरांची मजुरी वाढेल ही विरोधकांची अपेक्षाही पुरी झाली नाही. मायकेल क्लेमेन्स, ईथन लुईस आणि हॅना पोस्टेल या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये राज्याराज्यांचे जुने आकडे तपासले, तेव्हा ब्रासेरो गेलेल्या राज्यांत मजुरी वेगळ्या वेगाने वाढल्याचे दिसले नाही. मालक यंत्रांकडे किंवा दुसऱ्या पिकांकडे वळले होते. वाढली ती संघटना. संपावर गेलेल्यांच्या जागी सरकारी परवान्याचे मजूर आणून बसवणे आता शक्य नव्हते. सप्टेंबर १९६५ मध्ये डेलानोच्या द्राक्षबागांत लॅरी इटलिआँगच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, आठवड्याभरात सेसर चावेसची संघटना त्यात उतरली, आणि पाच वर्षांनी मालकांनी करारावर सह्या केल्या.

पण खेड्यांतून शेतांपर्यंतची वाट बावीस वर्षांत पक्की मळली होती. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने पश्चिम गोलार्धालाही पहिल्यांदा मर्यादा घातली, आणि १९७६ मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला वीस हजार व्हिसा आले. जी माणसे काल करारावर येत होती ती, त्यांचे भाऊ आणि पुतणे, आता कागदाविना येऊ लागले.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी रोनाल्ड रेगन यांनी सही केलेला कायदा हा या गाठीवरचा आजवरचा सर्वांत मोठा उपाय. त्याने बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला प्रथमच दंड लावला आणि सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा दिला. शेतमजुरांसाठी वेगळी, सोपी वाट होती: १ मे १९८६ पूर्वीच्या वर्षभरात हंगामी शेतीत ९० दिवस काम केल्याचा पुरावा द्यायचा. पुरावा म्हणजे बहुतेक वेळा मुकादमाची चिठ्ठी, कारण रोखीने मजुरी घेणाऱ्याजवळ दुसरे काय असणार? सुमारे १३ लाख अर्ज आले आणि जवळपास ११ लाख मंजूर झाले. खोट्या चिठ्ठ्यांचा बाजार भरला. शिडीवर चढून स्ट्रॉबेरी तोडल्या, असे सांगणारे अर्जदारही अधिकाऱ्यांना भेटले. एवढ्यावरून योजनाच फसवी होती असे म्हणता येत नाही, कारण खरे राबणारेही तिच्यातच होते, आणि त्यांना पहिल्यांदाच मालक बदलण्याची मोकळीक मिळाली. ती मिळताच पुष्कळांनी शेती सोडून बांधकाम, उपाहारगृहे, कारखाने गाठले. त्यांच्या जागी शेतात पुन्हा कागदाविना आलेले नवे मजूर आले. मालकावरचा दंड नावापुरता उरला: खोटे ओळखपत्र पाहून नोंद केली की त्याची जबाबदारी संपत असे.

याच कायद्याने जुन्या एच-२ व्हिसातून शेतीसाठीचा एच-२ए वेगळा काढला. एच-२ वर तोवर मुख्यतः जमैका आणि कॅरिबियन बेटांवरचे मजूर फ्लोरिडात ऊसतोडणीला येत; १९९० च्या दशकात तोडणी यंत्रे आली आणि ते काम संपले. एच-२ए च्या नियमांत ब्रासेरो करार ओळखू येतो. मोफत निवास, प्रवासखर्च, तीन चतुर्थांश दिवसांची हमी, स्थानिक मजूर मिळत नसल्याचे प्रमाणपत्र, सगळे तेच. आणि परवाना एका मालकाशी बांधलेला, तेही तेच. मोठा फरक असा की मजूर कोणी आणि कसे भरती करायचे यावर मेक्सिकोच्या सरकारचा हात राहिला नाही. भरती खाजगी दलालांकडे गेली. मजुराकडून पैसे घेण्यास मनाई असली तरी गावातून कर्ज काढून निघणे चालूच आहे. व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही, पण काम हंगामी हवे, त्यामुळे बारा महिने दूध काढावे लागणाऱ्या गोठ्यांना ही वाट बंद आहे. २००५ मध्ये सुमारे ४८ हजार जागा मंजूर झाल्या होत्या. २०२३ मध्ये हा आकडा पावणेचार लाखांच्या पुढे गेला. त्यात मेक्सिकनांचे प्रमाण नऊ दशांशांहून अधिक आहे.

शेतात आधीपासून राबणाऱ्या, कागद नसलेल्या मजुरांचे काय करायचे, हा प्रश्न १९८६ नंतर परत सोडवता आलेला नाही. मालकांचे संघ आणि मजूर संघटना यांनी २००० च्या सुमारास प्रथमच एकत्र बसून तोडगा काढला: मालकांना एच-२ए सुटसुटीत करून हवा होता, संघटनांना जुन्या मजुरांसाठी कायम वास्तव्य. लॅरी क्रेग आणि एडवर्ड केनेडी या दोन विरुद्ध पक्षांच्या सिनेटरांनी २००३ मध्ये त्याचे विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी व्यापक सुधारणा मंजूर केली. प्रतिनिधिगृहाने ती चर्चेलाही घेतली नाही. मग बाजू उलटली. प्रतिनिधिगृहाने शेतमजुरांचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२१ मध्ये मंजूर केले, तेव्हा ते सिनेटमध्ये अडले. पिकांच्या शेतांत काम करणाऱ्या मजुरांपैकी दर दहांतले चार, सरकारच्याच पाहणीनुसार, आजही कागदाविना आहेत. आणि एच-२ए वर वीस हंगाम केलेल्या मजुरालाही त्या कामाच्या बळावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येत नाही.